चार बोटांचं अंतर

सर, माझी मांडी तुमच्या क्लासमध्ये दुखावली नव्हती. एवढं एक वाक्य तुम्ही असताना बोलायचं राहून गेलं. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, मी स्वतः जुळे सोलापुरात मुलींना कराटे शिकवते, आणि आज लिहायला बसले आहे.

मी नववीत होते. तुम्ही दिवसभर मागावर टॉवेल विणायचात आणि सकाळी शाळेच्या पटांगणात आमच्यासमोर उभे राहायचात. आधी पळवायचात, उड्या मारायला लावायचात, घाम फुटला की मगच खाली बसवायचात. "गार अंग ताणायचं न्हाय," हे रोजचं. मी दोन्ही पाय फाकवून स्प्लिटमध्ये उतरले की स्वतःची बोटं जांघेखाली घालून जमिनीपासूनचं अंतर मोजायचे. "किती?" "चार बोटं, सर." "मागच्या महिन्यात सहा होती की. होतंय. श्वास सोड, घाई करू नको." पण घाई होतीच. रविवारी राज्याच्या स्पर्धेसाठी निवड होती. दोघी मैत्रिणी पूर्ण खाली बसत होत्या, त्यांची किक डोक्यापर्यंत जात होती, आणि माझी छातीपाशीच अडत होती.

शुक्रवारी दुपारी घरात मी आणि बार्शीहून आलेली मावसबहीण, दोघीच. वॉर्मअप काही केला नाही. थंड फरशीवर पाय फाकवले आणि तिला म्हटलं, खांदे धरून खाली दाब. "दुखलं तर गं?" "दुखू दे. मी थांब म्हटलं तरी थांबू नको." ती थांबली नाही. मांडीच्या मागे आत काहीतरी फाटलं, तो आवाज मी कानांनी ऐकला. ती रडायला लागली, मला रडताही येईना. संध्याकाळी वडिलांनी विचारलं, कुठं लागलं? बहिणीला मार बसेल, एवढंच डोक्यात होतं. मी म्हटलं, क्लासमध्ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील मला स्कूटरवर बसवून पटांगणात घेऊन येतात. मुलांना सोडायला आलेले पालक फाटकाशी उभे आहेत. वडील सगळ्यांदेखत ओरडतात, "पोरीला पांगळी करायला पाठवतो का आम्ही तुमच्याकडं?" तुम्ही माझ्यासमोर येऊन उभे राहता. माझ्याकडे बघता आणि हळू विचारता, "काल हितं दुखलं तुला?" काल सकाळी मी हसत उड्या मारत घरी गेले होते, ते तुम्ही पाहिलं होतं. मी जमिनीकडे बघत म्हणते, "हो, सर." तुम्ही माझ्या पायाकडे बघता. मग वडिलांना म्हणता, "माझंच चुकलं. मी बघायला पायजे होतं."

त्या महिन्यात निम्म्या मुलांनी क्लास सोडला. सुट्टीनंतर शाळेनं पटांगण दिलं नाही. तुम्ही पुन्हा कुठे क्लास काढला नाहीत. माझा पाय मात्र तीन महिन्यांत बरा झाला.

गेल्या गुरुवारी माझ्या क्लासमधल्या एका मुलीची आई म्हणाली, "मॅडम, बेल्टची परीक्षा जवळ आली, जरा जोर लावून दाबा की." माझे तळवे स्प्लिटमध्ये बसलेल्या त्या मुलीच्या खांद्यांवर होते. तिचा श्वास अडकला होता आणि ती दात आवळून म्हणत होती, "दाबा मॅडम, मी रडणार नाही." मी दाबायला सुरुवातही केली होती, सर. मग हात उचलले. आई नाराज झाली. मी म्हटलं, "आमच्या सरांनी कधी कुणाला दाबलं नाही." "कोण होते तुमचे सर? अजून शिकवतात का?" तिनं सहजच विचारलं. मी ऐकलंच नाही असं दाखवून पुढच्या मुलीकडे वळले.

म्हणून काल पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, तुमच्या घरी गेले. तुमच्या पत्नीला, बाईंना, सगळं सांगायचं, असं ठरवून गेले होते. त्या दारातच होत्या, आता बऱ्याच थकल्यात. माझ्याकडे निरखून बघत म्हणाल्या, "सरांच्या क्लासमधली हाय का तू?"

हे पत्र मी त्यांना देणार नाही. घडी करून कपाटात ठेवीन. तुम्हाला मात्र सांगून टाकते. मी नाही म्हणाले. टॉवेलचं दुकान शोधतेय, म्हणाले. त्या काठी टेकत गल्लीच्या तोंडापर्यंत आल्या, दुकान दाखवलं, आणि मी आत जाईपर्यंत तिथंच उभ्या राहिल्या.