बाबा गुणगुणायला लागलेत

नाही आत्या, आधी मला सांग, तुझ्या भावाला त्या सिनेमाला तूच पाठवलंस ना? नमस्कार करतोच, गुडघ्याचंही विचारतो (कसा आहे?), पण खोटं बोलू नकोस.

शिलाई मशीन सोडून कशाच्याही तालावर ज्यांचा पाय कधी हलला नाही, ते बाबा दुकानात गुणगुणतायत! आणि सिनेमा कुठला, तर दोन पोरगे एकमेकांच्या प्रेमात पडतात आणि शेवटी पोस्टमन, न्हावी, चिडकी आजी, अख्खी गल्ली त्यांच्याबरोबर नाचते. मी जेव्हा ‘तो माझा नुसता मित्र नाही’ म्हणालो, तेव्हा याच माणसाने कात्री खाली ठेवली होती. तेव्हापासून आमचं बोलणं मीठ आणि पाण्याची मोटर, एवढंच. मी विचारलं, काय आवडलं एवढं? तर म्हणे, “कोटाची कॉलर. काय बसलीय!” मग बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले (दोरा आधीच ओवलेला होता) आणि म्हणाले, “त्यात कोणी रडत नाही रे. मला वाटायचं, अशा पोरांच्या नशिबी रडणंच.”

क्षणभर मीही विरघळलो. पण लगेच पुढचा प्रश्न: “त्याच्या खांद्याचं माप काय?” आत्या, हा माणूस पाठमोरं गिऱ्हाईक खांद्यावरून ओळखतो! (तू आणि काका लग्नासाठी पळून जात होतात, तेव्हा काकांना गर्दीत असंच पकडलं होतं ना?) माप मिळालं की त्याला बाजारात गाठून दम भरणार, दुसरं काय? म्हणून मी आपल्या काडीपैलवान कुरियरवाल्याचं माप ठोकून दिलं. तूही सावध राहा.

तुझा भाचा

ता. क. बाबांनी त्याच सिनेमाची रविवारची तिकिटं काढलीत, तीन. तिसरं कुणाचं विचारलं, तर म्हणे, “तुझा तो येणार नाही का?”

आणखी एक ता. क. आत्ता दुकानात डोकावलो. कोट शिवतायत, आणि बटणांची काजं हाताने. हाताने काजं ते फक्त घरच्या जावयासाठी करतात, हे तुला मी काय सांगू? काकांची केली होती, रागारागात का होईना. आत्या, कोट कुरियरवाल्याच्या मापाचा आहे आणि माझा तो दाराएवढा रुंद! तू फोन करून सांग, माप चुकलंय म्हणून. मी सांगितलं तर विचारतील, खोटं का दिलंस, आणि त्याचं उत्तर त्यांच्या तोंडावर देववणार नाही. बघ, हाक आलीच: “अरे, त्याला ट्रायलला घेऊन ये!”

मी मागच्या दाराने सटकतोय.