तिसरी फेक

३ फेब्रुवारी
मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात योकास्ता लिहिते — शिव्यांसकट लिहायचं ठरलंय.

नातू विल्किनने आज बेसबॉलचा नवा नियम सांगितला. धावणारा पहिल्या बेसवरून पुढे सरकला की पिचरने, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याने, चेंडू तिकडे फेकून त्याला पकडायचं — पण एका फलंदाजामागे असं दोनदाच! तिसऱ्यांदा फेकलं आणि तो सुटला, तर त्याला दुसरा बेस फुकट.

"दोनदाच? तुझा आजोबा सात-सात वेळा फेकायचा. समोरचा बेसला चिकटून देवाचा धावा करायचा!"

"आजी, आता लोकांना वेळ नाही."

वेळ नाही म्हणे. मग येतात कशाला?

५ फेब्रुवारी
उजव्या हाताच्या पिचरची पाठ पहिल्या बेसकडे असते. म्हणून माझा नवरा एलिहिओ माझ्या डोळ्यांनी बघायचा. मी कुंपणाशी खोबऱ्याच्या वड्या विकायची. धावणारा सरकला की ओरडायची, "गेला!" हा गर्रकन वळून फेकायचा. नाव त्याच्या हाताचं झालं. माझ्या घशाचं कोण घेतंय!

विल्किनलाही मीच असं तयार केलं, ऊस तोडून झालेल्या रानात.

८ फेब्रुवारी
उद्या तिकडच्या संघासाठी खेळाडू निवडायला अमेरिकेचा माणूस येतोय. एकच पिचर नेणार. विल्किन एकविसाचा. यापुढे त्याला कुणी विचारणार नाही.

९ फेब्रुवारी
आज नको. मिट ती वही.

१० फेब्रुवारी
लिही. काल विल्किनच्या दोन फेकी झाल्या होत्या. धावणारा परत सरकला. माझ्या तोंडून गेलंच — "गेला!" विल्किन वळला, फेकलं. तो मेला कधीच बेसवर परतून कपडे झटकत होता! पंचाने त्याला दुसरा बेस दाखवला. पुढच्या फटक्यावर तो धाव काढून मोकळा. अमेरिकेच्या माणसाने टोपी घातली आणि गाडीत जाऊन बसला.

विल्किन प्रशिक्षक रादामेसला म्हणाला, "मोजायला चुकलो." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

१३ फेब्रुवारी
दुकानात सगळे त्याला छळतात. "विल्किन, दोन अंडी घे — जमेल ना मोजायला?" तोही हसतो. अंगठाबहाद्दर मी, आणि अडाणी ठरला तो. मी तिथेच उभी होते. तेल घेतलं, घरी आले. तोंड उघडलं नाही. नको तिथे बरं उघडतं!

१७ फेब्रुवारी
वड्या बांधून रादामेसकडे गेले. म्हटलं, "चूक माझी. मी ओरडले. त्याला मोजता येतं हो, एकदा पुन्हा उभं करा."

त्याने एक वडी खाल्ली, बोटं पुसली. "आजीबाई, तुमची हाक अख्ख्या मैदानाने ऐकली. त्या पाहुण्यानेही. मोजायला चुकणारा चालला असता त्यांना. कुंपणाबाहेरचं ऐकून फेकणारा नको होता."

१८ फेब्रुवारी
विल्किन सकाळी विचारत होता — "आजी, त्या अमेरिकेच्या माणसाला कळलं नाही ना, तू ओरडलीस ते?"

नाही म्हटलं.