अकरा बावन्नची लेक

२ मार्च, सोमवार. सकाळी ६.४०
आजपासून रोज लिहायचं. ठरलं म्हणजे ठरलं.
डेपोत एकशे बारा ड्रायव्हर आणि चौऱ्याऐंशी बस यांच्या ड्यूट्या मी लावतो. आजवर एकही फेरी माझ्यामुळे चुकलेली नाही. (जानेवारीतली चुकली ती साहेबांनी सही उशिरा केल्यामुळे.) मग घरातली पाच माणसं म्हणजे किस झाड की पत्ती.
एप्रिलमध्ये तीन कार्यं. अठरा तारखेला लेकीचा पदवीदान समारंभ. फिजिओथेरपी. ट्रेननं नऊ तास. वीस तारखेला आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं, म्हणून तिथूनच परस्पर समुद्रकाठच्या हॉटेलात तीन दिवस. रूम आरक्षित. आणि तिसरं कार्य म्हणजे आई-अण्णा. वर्षभर ते आमच्याकडेच आहेत, लेकीच्या खोलीत. अण्णा चौऱ्याऐंशीचे, खुबा मोडून जोडलेला, वॉकर धरून चालतात. आई एकोणऐंशीची, ठणठणीत. थोडं विसरते. मीही चष्मा विसरतो.
तक्ता केला. तीन रंगांत. बायकोला दाखवला. ती म्हणाली, छान आहे, आता अण्णांना आंघोळीला उठव.

७ मार्च, शनिवार
ताईशी फोनवर बोललो. ती अठरा ते तेवीस इथे येऊन राहणार. एका फोनमध्ये काम फत्ते. बायको उगाच महिनाभर काळजी करत होती. काही माणसांना काळजी केल्याशिवाय चैन पडत नाही.
संकल्प : रोज अण्णांना वीस मिनिटं चालवायचं. लेकीनं फोनवरून व्यायाम शिकवलेत.

८ मार्च
चालवलं. सहा मिनिटं. अण्णा म्हणाले, अरे, तुला दम लागलाय, तू बस.

१४ मार्च. दुपार
आईला डॉक्टरकडे नेलं. बायकोचा आग्रह. मुळात गरज नव्हती.
डॉक्टर तरुण आहे. त्यानं आईला साल विचारलं. आई एकतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. तिनं त्याला सांगितलं, प्रश्न पूर्ण वाक्यात विचारावा. बरोबरच आहे. मग त्यानं घड्याळ काढायला सांगितलं. आईनं गोल सुबक काढला आणि बाराही आकडे उजव्या बाजूला दाटीवाटीनं बसवले. आईची चित्रकला पहिल्यापासून बेताचीच.
डॉक्टर म्हणाला, यांना एकटं ठेवू नका, शक्यतो जागा बदलू नका. औषध लिहून दिलं. आजाराचं नावही सांगितलं. ते मी लिहून घेतलं नाही. पेन चालत नव्हतं.
 रिक्षात बायको आईचा हात घट्ट धरून बसली होती.

२२ मार्च, रविवार
ताई आजी झाली! सुनेचे दिवस भरायला अजून सहा आठवडे होते. बाळ-बाळंतीण सुखरूप. मनापासून आनंद झाला.
बाळ लहान चणीचं आहे, सून अशक्त. ताईला एप्रिलभर हलता येणार नाही.
आनंद झाला हे पुन्हा नोंदवतो. पण बाळानं वेळ पाळली नाही हेही खरं.

२४ मार्च
गोंधळून जाणारा मी नव्हे. डेपोत राखीव ड्रायव्हर असतो, तसा घरातही हवा. एका संस्थेतून मदतनीस बाई ठरवली. अनुभवी, शांत स्वभावाची. एक तारखेपासून येणार, म्हणजे अठरापर्यंत आई तिला सरावेल. बायकोला म्हटलं, बघ. ती म्हणाली, बघतेय.

३ एप्रिल. संध्याकाळी ७
मदतनीस बाई गेली. तिसऱ्या दिवशी.
झालं असं की आईनं तिला शुद्धलेखन घातलं. बाई बिचारी हौसेनं बसली. सात चुका निघाल्या. आईनं तिला कोपऱ्यात उभं केलं. तिथवरही तिनं निभावून नेलं. पण मग आईनं सांगितलं, उद्या पालकांना घेऊन ये, त्याशिवाय वर्गात घेणार नाही. बाईची आई गेल्या वर्षी वारली आहे. ती रडत निघून गेली.
संस्थेला फोन केला. दुसरी पाठवतो म्हणाले. कधी ते सांगितलं नाही.
आईला विचारलं, तिला का रडवलंस. ती म्हणाली, कुणाला?
लेकीला कळवलं नाही. परीक्षा संपल्यात तरी तिचं मन कशाला खराब करा. बायकोनं आधीच कळवलं होतं.

५ एप्रिल, रविवार
नवी कल्पना, आणि खरं तर पहिल्यापासून हीच योग्य होती. सगळ्यांनीच जायचं! गाडीनं. आई-अण्णा मागच्या सीटवर, उशा, थर्मास, वॉकर डिकीत. नातीचा समारंभ आजी-आजोबांनी बघायचा नाही तर कुणी?
अण्णांच्या कानात यंत्र घालून सांगितलं. अण्णा म्हणाले, मला नवा शर्ट लागेल.
पुढच्या शनिवारी रंगीत तालीम. हायवेवरच्या पेट्रोल पंपापर्यंत आणि परत. अडतीस किलोमीटर.

११ एप्रिल, शनिवार. दुपारी ३.१५
रंगीत तालीम पार पडली. एकंदरीत यशस्वी.
नोंदी : निघायला एक तास दहा मिनिटं. अण्णांसाठी चार थांबे. चौथा जरा उशिरा घेतला गेला. नवा शर्ट वाचला, पॅंट नाही. अण्णा त्यानंतर खिडकीबाहेर बघत राहिले. आईनं आपण कुठे निघालोय हे अकरा वेळा विचारलं. मी अकरा वेळा सांगितलं, दहाव्या वेळी जरा आवाज चढला. त्यावर तिनं अण्णांना हळूच विचारलं, हा ड्रायव्हर कुठून आणला?
घरी आल्यावर आई गाडीतून उतरेना. म्हणाली, हे आपलं घर नाही. गेटला नवा रंग दिलाय, त्यामुळे गोंधळ होणारच. बायको तिच्याशेजारी गाडीतच बसून राहिली. पाऊण तासानं दोघी हातात हात घालून उतरल्या. बायकोनं काय सांगितलं विचारलं. ती म्हणाली, काही नाही, मीही इथे नवीनच आहे म्हटलं, चला, बघून येऊ आतून कसं आहे.

१२ एप्रिल
तालमीचा हेतू त्रुटी शोधणं हाच असतो.
नऊ तासांचा प्रवास म्हणजे तालमीच्या प्रमाणात थांबे किती, याचा हिशेब मांडला. समारंभ अठराला असेल तर आम्ही एकोणीसला पोचतो.

१३ एप्रिल, सोमवार
साहेबांशी बोललो. ते म्हणाले, माझ्या वडिलांच्या वेळी आम्ही कुठेही गेलो नाही, सहा वर्षं. मी म्हटलं, तसं आमचं नाही. ते म्हणाले, पहिल्या वर्षी मीही असंच म्हणायचो.
साहेब मुळात निराशावादी. त्या सहीच्या प्रकरणातही तेच.

१४ एप्रिल. सकाळी
मी एक मोठा निर्णय घेतला आहे. बायकोनं एकटीनं जावं. मी थांबतो.
(नोंदीत अचूकता हवी म्हणून लिहितो : हे बायकोनं काल जेवताना सुचवलं. पण मी लगेच हो म्हटलं, म्हणजे निर्णय माझाच.)
लेकीला फोन केला. तिला धक्का बसेल म्हणून हळूहळू विषय काढला. ती म्हणाली, बाबा, आईनं सांगितलं मला, चालेल रे, तू वाईट वाटून घेऊ नकोस. मी म्हटलं, मला कशाला वाईट वाटेल.  नंतर ती म्हणाली, अण्णाआजोबांना गुडघा सरळ करून झोपायला सांग.
समुद्राचं आरक्षण रद्द होत नाही. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला बायको आणि लेक जातील. मी म्हटलं, उत्तम. कुणीतरी जायलाच हवं.

१६ एप्रिल
समारंभ थेट दाखवणार आहेत! लॅपटॉप टीव्हीला जोडायचा, झालं. प्रवास नाही, गर्दी नाही, पुढून पहिली रांग. खरं तर जाणाऱ्यांपेक्षा आम्हालाच नीट दिसेल.
यादी मिळवली. लेक एकशे त्रेचाळिसावी. दर विद्यार्थ्याला बारा सेकंद, म्हणजे साडेअठ्ठावीस मिनिटं. स्वागत आणि पाहुण्यांचं भाषण धरून तेवीस. समारंभ अकराला. लेक अकरा बावन्नला मंचावर. दोन मिनिटं इकडेतिकडे.
त्याप्रमाणे घरचं वेळापत्रक : आईचा नाश्ता नऊला, गोळ्या साडेनऊला, अण्णा बाथरूमला साडेअकरा ते पावणेबारा, पावणेबाराला सगळे स्थानापन्न.
बायकोला चौदा सूचनांचा कागद दिला. फोन आडवा धरावा ही पहिली. तिनं मला औषधांच्या डब्या, दूधवाल्याचा नंबर, आई घाबरली की काय बोलायचं, हे सगळं सांगितलं. मी म्हटलं, मला माहीत आहे. नंतर लिहून घेतलं.

१८ एप्रिल, शनिवार. सकाळी १०.३५
सगळं वेळेवर. आईला निळी साडी नेसायची होती, मी नेसवली. म्हणजे गुंडाळली. आईनं आरशात बघितलं आणि म्हणाली, स्नेहसंमेलन आहे का? मी म्हटलं, तसंच. अण्णा नव्या शर्टात. टीव्हीवर कॉलेजचा हॉल दिसतोय. मी आवाजाचं बटण तीनदा तपासलं. खबरदारी म्हणून.

१८ एप्रिल. दुपारी १.१०
जे झालं ते क्रमानं लिहितो.
पाहुण्यांनी भाषण चार मिनिटांत आवरलं. असा पाहुणा मी आयुष्यात पाहिलेला नाही. मी त्या वेळी स्वयंपाकघरात अण्णांच्या गोळ्या मोडत होतो. परत आलो तेव्हा नावं सुरू झाली होती. कितवं नाव हे दिसत नव्हतं. मी वेळापत्रकावर विश्वास ठेवला.
साडेअकराला अण्णांना उठवलं. ते म्हणाले, मला नाही लागली. मी म्हटलं, नंतर घोळ नको. ते म्हणाले, अरे, पण खरंच नाही लागलीय. मी म्हटलं, चला. नेलं. बाथरूमच्या दारात वॉकरचा पाय उंबऱ्याला अडकला, अण्णांचा तोल गेला, मी त्यांना कंबरेला धरलं. पुढेही जाता येईना, मागेही. तसेच उभे राहिलो, एकमेकांना मिठी मारल्यासारखे. तेवढ्यात बाहेरून नाव ऐकू आलं. पूर्ण नाव, मध्ये माझं. मग टाळ्या.
अण्णांच्या कानात यंत्र होतं. त्यांनीही ऐकलं. म्हणाले, सोड मला, जा. कसं सोडणार?
बाहेर आलो तेव्हा कुणी उंच मुलगा मंचावर होता. अकरा एकोणचाळीस.
आई टीव्हीसमोर, मांडीवर हात ठेवून, हसत बसली होती. मी विचारलं, दिसली का? आई म्हणाली, एक मुलगी आली होती, काळा झगा घातलेली. सरळ चालत गेली. पाठ ताठ. अशी मुलं पुढे नाव काढतात.
अण्णा खुर्चीत बसले आणि म्हणाले, मी सांगत होतो तुला. मग दोन मिनिटांनी म्हणाले, जाऊ दे.
तसं पाहिलं तर मी नाव ऐकलं. टाळ्या ऐकल्या. म्हणजे हजर होतोच.

१८ एप्रिल. संध्याकाळी ५
लेकीचा फोन. पहिला प्रश्न, बाबा, बघितलंस?
मी म्हटलं, बघितलं. पाठ ताठ होती.
ती खूश झाली. म्हणाली, आणि पायरीवर अडखळले तेव्हा हसलास ना? मी म्हटलं, हसलो. थोडंसंच.
मग बायको फोनवर. म्हणाली, बरं झालं तू तरी बघितलंस. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, टाळ्या वाजवायच्या की फोन धरायचा, मला काही सुचेना. व्हिडिओत नुसतं छत आलंय. तू सांग ना, कशी दिसत होती ती?
मी म्हटलं, छान. झगा काळा होता.

१९ एप्रिल, रविवार
कॉलेजच्या पानावर शोधलं. ‘थेट प्रक्षेपण समाप्त’ एवढंच लिहिलंय. रेकॉर्डिंग मागता येईल, पण लेकीमार्फतच, आणि मी ते बघितलेलं आहे.
चहाच्या वेळी आईला सहज विचारलं. ती म्हणाली, हो, आली होती ती. अडखळली पायरीवर. पण पडली नाही हं. स्वतःच स्वतःला हसली.
हे काल सांगितलं नव्हतं. लिहून ठेवलं.

२० एप्रिल, सोमवार
लग्नाला पंचवीस वर्षं. बायकोनं समुद्राचा फोटो पाठवला. लेकीनं खाली लिहिलंय, दोघींतर्फे बाबाला. मी अण्णांची चादर बदलत होतो, तासाभरानं बघितला. मोठा आहे समुद्र.
आईला पुन्हा विचारलं. आज झगा निळा होता. केस मोकळे होते. मुलीनं मंचावरून कुणाला तरी हात केला.
कुणाला केला, विचारलं. आईला आठवेना. तिनं खूप प्रयत्न केला, मग कपाळाला हात लावून रडायला लागली. कागदावर लिहिलेलं वाचून मी म्हटलं, राहू दे, उद्या आठवेल. त्या वाक्यानं ती शांत होते, असं बायकोनं सांगितलंय.

२२ एप्रिल, बुधवार. सकाळी १०
उद्या बायको येणार. रजा संपत आली. घर बऱ्यापैकी आटोक्यात आहे, सिंकमधली भांडी सोडून.
आज आई आपणहून बोलायला लागली. मी तिची वेणी घालत होतो. म्हणाली, किती गुणी मुलगी होती ती. सगळे टाळ्या वाजवत होते. तिची आई पुढेच बसली होती, रडत होती बिचारी आनंदानं.
मी म्हटलं, हो का.
मग आई म्हणाली, बाप मात्र कुठे दिसला नाही.
मी म्हटलं, कामात असेल.
आई म्हणाली, असेल हो.