खिमुलीच्या माहेरचं बी

आदरणीय कुंवर दाज्यू,

तुमच्या बहिणीच्या नवऱ्याचा, म्हणजे माझा, पायलागू. तुमचा गुडघा फक्त उतारावरच कुरकुरतो की आता चढावरही? वहिनींचा खोकला? धाकटीच्या दाढेचं काय झालं? म्हैस दोन्ही वेळा दूध देते ना? इकडे सगळं ठीक. खिमुली महिन्यापूर्वी लेकीच्या बाळंतपणाला गेली, नात झाली, दोघी सुखरूप आहेत.

जाताना तिने बजावलं होतं, "भांगेची नर झाडं फुलांची पिवळी धूळ उडाल्याशिवाय उपटू नका, नाहीतर बी धरायचं नाही." (बी म्हणजे लग्नात तुम्ही तिच्या पदराला बांधून दिलेलं, ज्याच्या चटणीसाठी अर्धं गाव आमच्या दारात येतं.) पण दाज्यू, नर झाड कोवळं उपटलं की सालीचा वाख कसा रेशमासारखा निघतो, हे तुम्हाला मी काय सांगायचं! मला नवा थैला विणायचा होता. एक ठेवू, दोन ठेवू म्हणता म्हणता शेवटचं झाडही ओढ्यात भिजत पडलं. शेजारच्या पदमाकाकी बांधावर उभ्या राहून म्हणाल्या, "अहो, सगळे नवरदेव बुडवलेत! आता इतक्या नवरींनी माळ कुणाला घालायची?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

डोंगरापलीकडे हयातसिंगाच्या शेतात नर झाडं अजून उभी होती. (त्याचं बी कडू. डोळे मिटून ओळखतो मी.) इतकी वर्षं चारचौघांत मी त्याला नावं ठेवली, आणि आता त्याच्याच दारात उभा. "का हो मेहुणे, आमचं कडू बी आज गोड लागलं?" म्हणाला. मी गुपचूप हात पसरला. त्याने फुलोऱ्याची फांदी कापडात गुंडाळून दिली, पण वाटेत वाऱ्याने कापड सुटलं आणि सगळी पिवळी धूळ माझ्या कोटावर न् मिशांवर. मग काय, तसाच आमच्या शेतात शिरलो आणि एकेका मादी झाडापुढे कोट झटकत, शिंकत फिरलो. "नवरदेव जरा म्हातारा आहे, पण चालेल!" काकी ओरडल्या.

पण दाणा धरला हो, टम्म धरला! एवढंच कळवायचं होतं, बाकी काही काम नाही.

तुमचा,
धनसिंग

ता.क. काम थोडं आहे. हे बी आता निम्मं हयातसिंगाचं झालं. खिमुली एक दाणा चावला की ओळखेल. ती पंधरवड्याने येतेय. त्याआधी अस्सल बी दोन मुठी बसवाल्याच्या हाती पाठवा, पेरणीच्या मडक्यात तेच भरतो. तिला कळलं तर नव्या थैल्यात मलाच भरेल.

पुन्हा ता.क. दाज्यू, मी खिमुली. लवकर परतले, तर वळणावर पोस्टमन भेटला. पाकीट उघडंच होतं (गोंद लावायचं यांना कधी आठवलंय?). तुम्ही दिलेलं बी दुसऱ्याच वर्षी उंदरांनी संपवलं. यांना सांगायचा धीर होईना, म्हणून हयातसिंगाच्या बायकोकडून ओंजळभर आणलं. बावीस वर्षं सासुरवाडीचं म्हणून हे ज्याच्या चटणीच्या मिटक्या मारतात, ते तेच कडू बी. यांना सांगू नका, जेवण जाणार नाही. पण बी मात्र खरंच पाठवा. त्याची चव मीसुद्धा विसरलेय. आणि उत्तर लवकर लिहा, माझ्या नावाने.