कान मागे बसवले

९ जून
झालं! दोन्ही कान कापून, शिवून, डोक्याला टेकवून झाले. भूल फक्त कानांपुरती, मी टक्क जागा. दुखत नव्हतं, पण ऐकू सगळं येत होतं — कानाचं मऊ हाड खरवडताना करकर, करकर, थेट कवटीत. डॉक्टरीणबाई नर्सला जावयाच्या तक्रारी सांगत होत्या. निवांत! मी मनात दादाच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो. मग लक्षात आलं, त्या माझ्याही आहेत.

१० जून
ठणका. उशी वैरीण झालीय.

१२ जून
"का करून घेताय?" असं बाईंनी आधी विचारलं होतं. "दिसायला बरं," म्हणालो. खोटं! दादाच्या मुठीत कान येऊ नयेत म्हणून केलं. सातवीत होतो तेव्हापासून तो मला कानांनी उचलतो. गॅरेज त्याचं, मी त्याच्या हाताखाली. पाना चुकीचा दिला — कान. नट पडला — कान. वर गिऱ्हाइकांसमोर, "ही आमची कढई! धरायची सोय जन्मापासून!" एकतीस वर्षांचा बाप्या मी. लग्न झालेला.

१६ जून
बँडेज सुटलं. आता सहा आठवडे डोक्याला कापडी पट्टा. बायकोने आरसा धरला. कान जांभळे, सुजलेले, पण मागे! "अहो, छान दिसताय," म्हणाली. मी रडलो.

१९ जून
महिनाभर काम नको, असं बाईंनी बजावलं होतं. गेलोच. पट्ट्यावर टोपी. दादाला सुट्टीचं कारण कावीळ सांगितलं होतं.

२० जून
सकाळीच हिच्याशी वाजलं. टाके पुसताना हिचा हात जोरात लागला. जीव कळवळला. दिली एक कानाखाली ठेवून. तिचीच चूक. चहा न घेता निघालो.

२३ जून
केलं!
जॅक नीट लागला नव्हता, गाडी खचली. दादा मागून आला, सवयीने हात टोपी-पट्ट्याखाली. कान मुठीत येईना, तेव्हा नखं टाक्यांत खुपसली आणि ओढलं. फाटल्याचं मला ऐकू आलं. मानेवरून गरम रक्त. हातात टायर काढायची टामी होती. पहिला फटका खांद्यावर, दुसरा जबड्यावर. दात उडून ग्रीसमध्ये पडलेला पाहिला. तो खाली, मी वर. त्याचेच दोन्ही कान धरून डोकं फरशीवर आपटलं. "कढई कोण? बोल, कढई कोण?" गॅरेजमधल्या तिघांनी मला ओढून काढलं. तो नुसता "अरे पुरे, अरे पुरे" करत होता.
कुणाला सांगणार नाही, इथे लिहितो — मजा आली.

२४ जून
डावा कान पुन्हा शिवला. बाई म्हणाल्या, "कुत्रं चावलं?" म्हटलं, "भाऊ." दादाच्या जबड्याला तारा बांधल्यात. घसरून पडलो, असं त्याने कागदावर लिहून दिलं म्हणे.

२ जुलै
गॅरेजमध्ये आता कढई कुणी म्हणत नाही. मी आत गेलो की बोलणं थांबतं. बरंय!
घरी मात्र ही हल्ली दोन हाका मारल्याशिवाय ओ देत नाही. मुद्दाम करते.

९ जुलै
हिला तीन हाका मारल्या. वळलीच नाही. डोकं फिरलं. मागून गेलो आणि कान धरून वळवली.
"त्या दिवशी मारलंत ना," ती म्हणाली, "तेव्हापासून या कानाने ऐकू येत नाही हो मला."
माझा हात अजून तिथेच होता.