त्रिशलाची काळी बोटं

सातारा,
ता. २१ फेब्रुवारी १९७५

प्रिय चंदनबाला,

जयजिनेंद्र. तुझं पत्र काल पोचलं. माझे गुडघे बरे आहेत, इथली थंडी ओसरली, सांगलीला तुम्ही सगळी खुशाल असालच. झालं क्षेमकुशल. आता भांडते.

"काही कारणाने योग दिसत नाही," असं लिहितेस? पाचगणीला सिस्टरांनी आपल्याला केळंसुद्धा काट्याचमच्यानं खायला शिकवलं, पण असं गुळमुळीत लिहायला नव्हतं शिकवलं. कारण मला ठाऊक आहे. रविवारी तुम्ही तुझ्या मदनसाठी माझ्या त्रिशलाला बघायला आलात. तिनं बशा पुढे केल्या. निघताना तुझ्या नणंदबाई, लीलाबाई, दारात तुझ्या कानाशी लागल्या. म्हणजे त्यांच्या समजुतीनं कानाशी. मला स्वयंपाकघरात ऐकू आलं.

"वैनी, बोटं बघितलीसा न्हवं पोरीची? काळी ठिक्कर! मिश्री लावती जणू. आत्या एवढी शिकलेली, तिला काय दिसंना व्हय?"

माझ्या भावाची आईवेगळी पोर, सहाव्या वर्षापासून मी वाढवलेली. माझ्या घरात तंबाखू? अगं, ती चहासुद्धा घेत नाही!

तुम्ही दोनदोनदा घेतलीत ती बर्फी अक्रोडाची होती. शेजारचे सुभेदार मानसिंग काश्मीरहून रजेवर आले, त्यांनी पिशवीभर अक्रोड दिले. आतल्या गराची साल राहिली तर बर्फी कडवट होते. म्हणून गर गरम पाण्यात टाकायचे आणि नखानं, सुईच्या टोकानं साल सोलायची. वळ्यावळ्यांचा तो गर, दर खाचेत साल अडकते. पोरगी सकाळी दोन तास खपली. त्या पाण्यानं बोटं रंगली. एवढंच.

ता. २२

काल इथवर लिहून सही करणार होते. वर लिहिलंय ते खरं आहे, पण पुरं नाही.

नुसत्या पाण्यानं बोटं पिवळट होतात, काळी नाही. त्रिशलानं कल्हईचं पातेलं काढलं होतं. मीच म्हटलं, "त्याची कल्हई गेलीय. लोखंडी कढई घे." कल्हई चांगली शाबूत होती. एकतीस वर्षं मी मुलींना विज्ञान शिकवलं. दरवर्षी हिरड्याच्या काढ्यात लोखंडाचा कीस घालून शाई करून दाखवली. अक्रोडाची साल लोखंडात भिजली की तेच होतं, हे मला माहीत नव्हतं म्हणून कुणाला सांगू?

"आत्या, बोटं बघ कशी झाली! जातील ना पाहुणे यायच्या आत?"

"जातील गं," मी म्हणाले, आणि सोललेले गर चटकन स्वच्छ पाण्यात टाकले. बर्फी काळवंडू नये याची काळजी मी घेतली, चंदन. पोरीची नाही.

ती सकाळपासून गुणगुणत होती. मदन तिला मनापासून आवडलाय. मला मात्र दिसत होतं ते ती सासरी गेल्यावरचं रिकामं घर. दिवस मावळायच्या आत जेवून घे म्हणून मला दरडावणारं तिथं कुणी नव्हतं. सांगली काही विलायतेत नाही, पण तेव्हा ते सुचलं नाही. ठरवून केलं का, विचारशील. कढई तिच्या हातात देताना माझा हात जरा थांबला होता. इतकं सांगते.

रविवारपासून ती राखेनं बोटं घासतेय. काल कातडं निघालं. वर मलाच म्हणते, "माझंच चुकलं, आत्या. आदल्या दिवशी सोलायला हवे होते." लीलाबाईंवर रागावू नकोस. त्यांना दिसलं ते त्या बोलल्या.

हे पत्र मदनला वाचायला दे. मन असेल तर त्यानं यावं. मला चार शब्द सुनवायचे असतील तर तेही सुनवावेत, मी ऐकून घेईन. माझ्यापायी पोरीला नाकारू नका.

पाकीट चिकटवत नाही. आत्ता त्रिशलाच्या हातात देणार आहे, आधी वाच आणि मग तुझ्या मनाला येईल ते कर, असं सांगून. तेव्हा हे तुला मिळालं, तर तिनं सगळं वाचून स्वतः टपालपेटीत टाकलं असं समज.

क्षमा मागायची सवय नसलेली,
तुझी
गुणमाला