चांगुणाची भिंत

४ जून १९७३, भोकरदन
बाजारातून येतो तर थोरल्या पोरानं, धर्मराजनं, आतली भिंत कोळशानं काळी केलेली! कान धरायला पुढे झालो आणि थबकलो. भिंतीवर त्याची आई, चांगुणा! डोक्यावर पदर, ओठ दाबून हसणं — तीच. पाच वर्षं झाली तिला जाऊन, घरात एक फोटो नाही. मी मागल्या दारी जाऊन रडलो.

११ जून
धर्मराज औरंगाबादला चित्रकला शिकायची म्हणतो. माझा थोरला भाऊ भुजंगदादा तावातावानं आला. "आपल्या घरात तू एक मास्तर झाला, अन् पोराला रंगारी करून राह्यला? हापिसात बाबू कर त्याला!" मी म्हटलं, "जाऊ दे त्याला, दादा." म्हटलं खरं, पण रात्री खर्चाचा हिशेब तीनदा मांडला.

२० ऑगस्ट
धाकटी बेबीनंदा शाळेतून आली की आधी भिंतीपुढे. आज आईला पाटी दाखवत होती. चांगुणा गेली तेव्हा ही अंगावर पीत होती. हिला आई ठाऊक ती एवढीच.

९ एप्रिल १९७४
औरंगाबादहून धर्मराजचा निरोप — जयंतीला येतोय, सोबत त्याचे चित्रकलेचे सर. त्यांना आपलं घर दाखवायचंय म्हणे!

१२ एप्रिल
चुना भिजवला, नीळ टाकली, सगळं घर स्वतः पोतारलं. आतल्या भिंतीशी हात जरा अडखळला. पण कोळसा फिसकटला होता, आणि पोरगं आता शिकून येतंय. सरांसमोर अजून सुबक काढेल! साहेब तपासणीला यायचे म्हणजे आपण फळा पुसून ठेवतोच की. बेबीनंदा मुसमुसली. म्हटलं, तुझा दादा आणखी छान काढून देईल.

१४ एप्रिल
सरांना ती भिंतच दाखवायची होती! धर्मराज उंबऱ्यातच उभा राहिला. मी कोळसा पुढे केला. त्यानं घेतला नाही. "तवा ती डोळ्यापुढं होती, बाबा. आता न्हाई येत." सरांनी चहा घेतला. मिरवणुकीलाही न थांबता दोघं दुपारच्या गाडीनं गेले.
फळा समजलो मी! भुजंगदादापुढे पोराची बाजू घेतली, छाती फुगवली. पण त्यानं काय काढलंय ते काही मला कळलं नाही. फार वाईट केलं.

२ मे
बेबीनंदानं विचारलं, "बाबा, आई कशी दिसायची वो?"
मी सवयीनं भिंतीकडे बोट केलं.